चिकटलेली दोन पानं

"तू फडकं घे."

कॉम्प्युटरच्या तासाला सर माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. अकरावीचं पहिलं प्रॅक्टिकल. दाराबाहेर चपलांची रांग, आत सहा कॉम्प्युटर. त्यातले दोनच चालू. पोरं त्या दोन्हींभोवती घोळका करून उभी राहिली. मीही सरकायला गेले, तर सरांनी खुंटीवरचं फडकं काढून माझ्याकडं टाकलं. "मशीनवर धूळ बसती. तुमच्याकडच्या पोरीला सवय असती पुसायची."

कोणीतरी हसलं. मी फडकं उचललं. सरांचं बोलणं तर लागलंच, पण मी ते फडकं मुकाट्यानं उचललं याचा राग मला आजही येतो.

कॉलेज सेनगावला, आमचं गाव तिथून जीपनं अर्ध्या तासावर. आमच्या बौद्धवाड्यातून सायन्सला गेलेली मी दुसरी पोरगी. पहिली शेजारची छायाताई, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. ती बारावीला कॉम्प्युटरमध्येच नापास झाली आणि माझ्या आईबरोबर रोजानं तूर कापायला जाऊ लागली. मी नापास झाले तर मलाही तोच रस्ता. घरात कुणी तसं बोलत नव्हतं. बोलायची गरजच नव्हती.

सरांना प्रोग्रॅमिंग येत नव्हतं. संस्थाचालकांच्या नात्यातला माणूस, कुठंतरी लावायचा म्हणून इथं लावलेला. ते खुर्चीत बसून गाईड वाचायचे, सावकाश, ओळीमागून ओळ. आम्ही उतरवून घ्यायचो. एखाद्यानं मान वर केली की म्हणायचे, "लिहा. समजून काय करता? पाठ करा." प्रोग्रॅम पाठ करायचे, पाढ्यांसारखे. चालू कॉम्प्युटरवर संस्थेच्या सेक्रेटरीचा पुतण्या आणि त्याचा दोस्त बसायचे. बाकीच्यांनी त्यांच्या खांद्यावरून बघायचं, आणि मी बंद कॉम्प्युटर पुसायचे. कुठलं अक्षर कुठं असतं हे मी ओलं फडकं फिरवता फिरवता शिकले. पुसायला माझा हात चालत होता. बटण दाबायला चालत नव्हता.

दरवर्षी दसऱ्याला तिथं पूजा व्हायची. कॉम्प्युटरला हार, हळदकुंकू, पुढं सरांचं गाईड, त्याच्यापुढं नारळ. आदल्या दिवशी खोली मी झाडायचे. पूजेला मला दारात उभं करायचे.

बारावीत सातवा प्रोग्रॅम आला. दहा आकड्यांची बेरीज. पाठ होईना. मग घरी आई सुपात तूर पाखडत होती तिथं बसले, जमिनीवर कोळशानं चौकोन काढले आणि एकेक ओळ वाचत चौकोनात तुरीचे दाणे ठेवत गेले. अर्ध्यापर्यंत बेरीज नीट चालली. पुढं एकदम तीन आकड्यांत मोठा कोणता याचा शोध सुरू. हे तीन आकडे आले कुठून? दहाची बेरीज गेली कुठं? चारदा मांडलं, चारदा तेच झालं.

आईला सांगितलं. ती शाळेत गेलेली नाही. म्हणाली, "म्हंजे चुलीवर ठेवलं वरण, आन् उतरवल्या भाकरी?"

व्हय आई, अगदी तसंच.

दुसऱ्या दिवशी वर्गात उठून मी ते विचारलं. सरांनी गाईड मिटलं. "स्कॉलरशिपचे फॉर्म भरलेले सगळे उभे राहा." आम्ही पाच जण उभे राहिलो. "सरकार ह्यांची फी भरतं. डोकं बी सरकारनंच द्यावं का आता? इतक्या वर्षांत हा प्रोग्रॅम बोर्डाला चालला, हिला चालंना." घंटा होईपर्यंत आम्ही पाचही उभे. बाहेर आल्यावर त्यातल्या एकानं मला विचारलं, "काहून बोललीस?"

माझ्यापायी चौघांची मान खाली गेली होती.

घरी येऊन छायाताईचं प्रॅक्टिकलचं जुनं जर्नल मागितलं. सातवा प्रोग्रॅम काढला. तोच. वर बेरीज, खाली मोठा आकडा. मी तिला दाणे मांडून दाखवले. तिनं स्वतः एकदा पहिल्या ओळीपासून दाणे मांडले. मग म्हणाली, "मी वर्षभर ह्याच्यावर रडले. परीक्षेत बी हाच आला. मला वाटलं, आपलंच डोकं कमी हाय."

त्या आठवड्यात टेबल पुसताना गाईड हाताला लागलं. सातवा प्रोग्रॅम उघडला. पान जाड लागलं. कुठल्यातरी दसऱ्याला नारळाचं पाणी सांडून दोन पानं एकमेकांना चिकटली होती, कडेला कुंकवाचा डाग. मी नखानं हळूच सोडवली. आत बेरजेचा उरलेला अर्धा भाग होता, आणि पुढच्या, मोठ्या आकड्याच्या प्रोग्रॅमचा सुरुवातीचा. इतकंच. इतक्या वर्षांत सरांना कळलं नव्हतं की आपण दोन पानं ओलांडून वाचतो आहोत.

मी पुस्तक तसंच उघडं धरून त्यांच्यापुढं गेले. "सर, पानं चिकटली होती."

त्यांनी बघितलं. त्यांना कळलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर ते कळलेलं पाहिलं आहे, त्यात माझी चूक होणार नाही. मग ते म्हणाले, "पूजेच्या पुस्तकाला हात लावायला तुला कोणी सांगितलं?" आणि जरा थांबून, "जर्नलवर माझी सही पाहिजे ना?"

सहीशिवाय परीक्षेला बसता येत नाही. मी जर्नल लिहिलं. सातवा प्रोग्रॅम चुकीचा, जसाच्या तसा, सुंदर अक्षरात. सरांनी खाली 'गुड' लिहून सही केली.

प्रॅक्टिकलच्या दिवशी लाईट गेली. परीक्षा कागदावरच घेतली. माझ्या चिठ्ठीत नेमका सातवा आला. बरोबर काय ते मला येत होतं. त्या खोलीत एकटीलाच येत होतं. पण बाहेरगावचे परीक्षक जर्नल शेजारी ठेवून ताडून बघत होते आणि सर दारात उभे होते. मला आईचे तुरीनं चिरलेले हात आठवले. मी चुकीचा लिहिला. परीक्षकांनी खूण केली, बरोबर.

वर्गात सगळ्यात जास्त मार्क मला. आईनं गल्लीत साखर वाटली. माझ्या हातावर ठेवलेली मला गिळवेना. छायाताईनं तीच चूक पाठ करता आली नाही म्हणून ती नापास, आणि मी पाठ केली म्हणून पहिली. असल्या पहिल्या नंबरची मला लाज वाटते. तेव्हाही वाटली, आजही वाटते.

टी.सी. आणायला गेले तेव्हा सर खुशीत होते. "अक्षर लई चांगलं हाय तुझं. जर्नल इथंच ठेवून जा. पुढच्या पोरायला तुझ्यावरूनच उतरवायला लावतो."

माझ्या अक्षरात. पुढच्या वर्षी कोणती तरी पोरगी माझं अक्षर समोर ठेवून रडणार होती. आपलंच डोकं कमी हाय, म्हणणार होती.

"न्हाई देणार," मी म्हणाले.

"काय?"

"न्हाई देणार. ते चुकलेलं हाय. तुमाला बी माहीत हाय."

"मग टी.सी. कशी मिळती ते बघतो."

मी जर्नल छातीशी धरलं आणि बाहेर आले. चपला घालायचंही सुचलं नाही, अर्ध्या रस्त्यातून परत फिरून घातल्या. टी.सी.साठी पुढं तीन महिने खेटे घातले. प्रवेशाचं वर्ष हुकलं. ते वर्ष मी आई आणि छायाताईबरोबर रानात काढलं. ज्याची भीती होती, तेच वाट्याला आलं.

जर्नल अजून माझ्याकडं आहे. सातवा प्रोग्रॅम मी दुरुस्त केलेला नाही. माझ्या हातानं, माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलेली ती लबाडी मला अधूनमधून बघायची असते. आता कोणीही समोर उभं राहून 'लिही' म्हणालं, की मी आधी विचारते, काहून? उत्तर येईपर्यंत मी पेनाचं टोपण काढत नाही.