अर्धलीनं दिलेली पुस्तकं

बन्सीकाकांची आणि माझी ओळख फ्यूज गेल्यामुळे झाली.

मी तेव्हा अंबाजोगाईला एम.ए. मराठी करत होते. सुट्टीत वडवणीला घरी आले होते. लाईट गेली. लाईनमन आले, खांबावर चढले, उतरले. मी हात धुवायला तांब्या दिला. ते दारातच थांबले. ओट्यावर माझी पुस्तकं होती. त्यांचं लक्ष तिकडे आणि पाणी सगळं बुटावर.

"नवीन हायत?"

"हो. कालच आणली."

"वाचली?"

"अजून नाही."

त्यांचा चेहरा उजळला. "मग आपलं जमंल," ते म्हणाले.

जमलं. त्याला आता चार वर्षं झाली. बाजाराच्या दिवशी आम्ही स्टँडसमोरच्या हॉटेलात बसतो. ज्याने नवीन पुस्तक घेतलं असेल त्याने ते पेपरात गुंडाळून आणायचं. दुसऱ्याने उघडायचं. काका आधी पुठ्ठ्यावरून तळवा फिरवतात. मग पुस्तक नाकाशी धरतात. मग शेवटच्या पानाचा आकडा बघतात आणि मान डोलावतात. गोष्टीबद्दल बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. "ती वाचल्यावर कळतीच," ते म्हणायचे.

पण वाचल्याचं आमच्यात कोणीच कधी बोललं नव्हतं. माझ्या खाटेखाली न वाचलेली चाळीस पुस्तकं होती. मला त्याची लाज वाटायची. काकांचं पुस्तक आणून झालं, दाखवून झालं, की ते पिशवीत जायचं. पुढे त्याचं काय व्हायचं ते मला माहीत नव्हतं. घरी पेटीत जात असेल, असं मी धरून चालले होते.

यंदा फेब्रुवारीत काका रिटायर झाले. एप्रिलमध्ये एका सकाळी ते आमच्या दारात उभे. बाजाराचा दिवस नव्हता.

"जयभीम. तुझी स्कूटी मोकळी हाय का?"

"आहे. कुठे जायचंय?"

"लाईनवर."

"काका, तुम्ही रिटायर झालात."

"म्हणूनच."

मग ओट्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचं जुनं घर पत्र्याचं. पावसात गळायचं. पुस्तकांची एक पेटी होती, ती अकरा वर्षांपूर्वी भरली. तेव्हा त्यांच्या बायकोनं, वनिताकाकूंनी सांगितलं, ही वाचून होईस्तोवर नवीन पुस्तक घरात यायचं नाही. काकांनी शब्द दिला.

"मग?"

"मग चार दिसांनी बीडला ट्रेनिंग व्हतं. स्टँडाबाहेर एक पुस्तकवाला बसलेला." त्यांनी खाली बघितलं. "शब्द घरात न्हाई आणायचं असा व्हता. मी घरात न्हाईच आणलं."

त्यांनी खिशातून डायरी काढली. लाईनमन लोक घर खांबाच्या नंबरावरून ओळखतात. डायरीत तसंच लिहिलेलं होतं. पोल बेचाळीस, केशरबाई, समुद्राचं निळं. पोल एकाहत्तर, राधाकिशनची गिरणी, तीन. पानामागून पान. वडवणीपासून तेलगाव रोडच्या वस्त्यांपर्यंत, ज्या घरी चहा मिळाला त्या घरी काकांनी पुस्तकं ठेवली होती.

"किती आहेत?"

"एकशे तेरा."

मी साहित्याची पदवी घेतली आहे. ग्रंथालयं पाहिली आहेत. असं काही पाहिलं नव्हतं.

आता घरात स्लॅबची एक खोली झाली होती. वनिताकाकूंनी स्वतः सुतार बोलावून एक अख्खी भिंत फळ्यांची करून घेतली होती. बुद्धपौर्णिमेला त्या खोलीत वंदना करायची, त्या दिवशी फळ्या भरलेल्या दिसल्या पाहिजेत, असं त्यांनी सांगितलं होतं. पेटीत होती चौसष्ट पुस्तकं. ती दोन फळ्यांत संपली. वर चार फळ्या मोकळ्या.

"वनिताला बाकीच्यांचं ठाऊक न्हाई. आधी सगळी आणून लावतो, मग तिला सांगतो," काका म्हणाले. "अन् मला एकदा सगळी एका जागी बघायचीत गं. एकदा बघितली की वाचायला बसतो."

आम्ही दोन रिकामी पोती घेतली आणि निघालो.

पोल बेचाळीस म्हणजे रस्त्याकडेची एक वस्ती. केशरबाई बाभळीखाली शेळ्यांना पाला टाकत होत्या. साठीच्या पुढच्या. चौथीपर्यंत शाळा झालेली.

"कोण? लाईनमन? आज खालूनच?"

"पुस्तक न्यायला आलतो, आक्का."

"अकरा वर्सांनी?" त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "खांबावरून निस्ता हात करायचे. पुस्तक कसं हाय, जितं हाय का मेलं, इचारलं का एकदा तरी?"

त्या आत गेल्या आणि एक गाठोडं घेऊन आल्या. गाठोड्यात सहा पुस्तकं निघाली. एक निळं. त्याचा खालचा कोपरा गेलेला.

"शेळीनं खाल्लाय. पण अक्षरं शाबूत हायत."

"बाकीची पाच कुणाची?" काकांनी विचारलं.

"पिल्लं हायत."

आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत राहिलो.

शेळी अर्धलीनं देतात, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. शेळी एकाची, सांभाळायची दुसऱ्याने, झालेली पिल्लं निम्मी-निम्मी. केशरबाईंकडे तेव्हा अर्धलीच्या दोन शेळ्या होत्या. पुस्तक देताना काका हसत म्हणाले होते, ठेवून घ्या आक्का, अर्धलीनं दिलं समजा. केशरबाई हसल्या नव्हत्या.

"दोन वर्सं वाट बघितली," त्या म्हणाल्या. "मग इचार केला, ह्यो माणूस एक दिस येणार अन् पिल्लं मागणार. मंग काय दाखवायचं? बाजारात गेले, एक घेतलं. मंग दर दोन-एक सालाला एक."

"पण आक्का, पुस्तकाला कुठं पिल्लं व्हतेत?"

"मंग अर्धलीनं कावून म्हणले व्हतात?"

मी एक पुस्तक उचललं. पुठ्ठ्यावर निळं पाणी होतं. ते पोहायला शिकवणारं पुस्तक होतं.

"समुद्राचं दिसलं म्हणून घेतलं," केशरबाई म्हणाल्या. "आत निस्ते हात हालवायचे."

"वाचलंत?"

"दोनदा. मला आता पवता येतंय. पाणी तेवढं न्हाई."

त्यांनी वाटणी केली. पाचांतली तीन काकांची, दोन त्यांची. जास्तीचं एक मालकाला, कारण मूळ जनावर त्याचं. काकांनी निळ्या पुस्तकाकडे हात नेला. केशरबाईंनी ते मागे ओढलं.

"हे न्हाई मिळायचं. चालू हाय."

"अकरा वर्सं चालू हाय?"

"संपलं की परत सुरू करते. आता बोट बुडती तिथं आलेय. असं मधीच कसं देऊ?"

काकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "आक्का! सांगू नका! बोट बुडती हे कावून सांगितलं?"

"आँ?" केशरबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "तुमी वाचलं न्हाई? सोताचं जनावर?"

त्या इतक्या हसल्या की शेळ्या बिचकल्या.

काका स्कूटीवर मागे बसले आणि म्हणाले, "एक घर असतंय असं. बाकीचे देतील."

पोल एकाहत्तरला गिरणी चालू होती. राधाकिशन दळणाच्या रांगेतून ओरडले, "या लाईनमन! वाटणीला आलात?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "ह्याला कसं ठाऊक?"

केशरबाईंचं दळण त्याच गिरणीत यायचं. पुस्तकाचं काय करायचं असतं, हे त्यांनी तिथेच सांगितलं होतं. गिरणीत सांगितलेली गोष्ट अख्ख्या लाईनवर पोचते. अकरा वर्षांत ती पद्धतच होऊन गेली होती. काकांनी ठेवलेली तीन पुस्तकं राधाकिशननी वाचली आणि त्यातली दोन पुढे अर्धलीनं दिली. एक शाळेतल्या संगीताबाईंकडे होतं. दुसरं कुठे फिरत होतं, त्यांनाही नक्की सांगता येईना.

"तुमची पिल्लं घेऊन जा की," असं म्हणत त्यांनी एक पुस्तक मांडीवर आपटलं. पिठाचा ढग उठला. ते राशिभविष्य होतं, मागच्या सालचं.

"मागच्या सालचं कावून घेतलं?" काका म्हणाले.

"खरं निघालं का बघाया."

"निघालं?"

"मला परदेशप्रवास सांगितलता. धारूरपर्यंत गेलतो."

तीन दिवस आम्ही फिरलो. एका घरी पुस्तक लेकीसोबत सासरी गेलेलं. त्या लेकीला, उज्ज्वलाला फोन लावला, तर तिने काकांना शेवट सांगायला सुरुवात केली, त्यांनी घाबरून फोन माझ्याकडे दिला. एका घरी आजोबा दवाखान्यात भरती होते आणि पुस्तक त्यांच्या उशाशी होतं. काकांनी तिथे मागितलंच नाही. अजिनाथ टेलरने पुस्तक दिलं, पण आधी अर्धा तास त्यातल्या नायकाला शिव्या दिल्या. प्रत्येक घरी चहा. प्रत्येक घरी काकांना कोणीतरी विचारायचं, "तुमाला कंचं आवडलं?" आणि काका चहात बघायचे.

एकशे तेरातली सतरा परत आली. पिल्लं मिळाली एक्केचाळीस. त्यात पाककृती होत्या, विहिरींवरचं एक पुस्तक होतं, तीन रहस्यकथा होत्या, दोन शब्दकोश होते. काकांनी यातलं एकही स्वतःहून घेतलं नसतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पोती नव्या खोलीत रिकामी केली. वनिताकाकू दाराशी उभ्या राहून बघत होत्या. काका एकेक पुस्तक पुसून फळीवर लावत होते. पोत्यांचा तळ दिसला, तेव्हाही वरच्या दोन फळ्या रिकाम्याच होत्या.

काकूंनी एक पुस्तक काढलं. "हे पवायचं कुणी घेतलं?"

काका खाली बसले. त्यांनी सगळं सांगितलं. बीडचा पुस्तकवाला, डायरी, खांब, अर्धली. घाईघाईत, एका दमात. मला तिथून जावंसं वाटत होतं, पण दारात काकू होत्या.

"झालं?" त्या म्हणाल्या. "खिशात डायरी ठिवून शर्ट धुवायला टाकता तुमी. अकरा वर्सं झालं मी ती काढून ठिवते."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"काय बोलायचं? हितं पत्र्याखाली भिजून लगदा व्हण्यापरीस लोकाच्या कोरड्या घरात बरी, म्हणलं." त्यांनी भिंतीकडे हात केला. "सुताराला ह्या फळ्या मी कशावरून सांगितल्या? चौसष्ट अन् एकशे तेरा. डायरी बघून सांगितल्या. आता बोला, बाकीची कुठं हायत?"

काकांनी वर बघितलं. "चरायला गेलीत."

काकूंनी हसू आवरायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही. मग आम्ही तिघंही हसलो. पण हसून झाल्यावर काका पुन्हा त्या रिकाम्या फळ्यांकडे बघत बसले.

"एकदा सगळी एका जागी बघायची व्हती," ते म्हणाले.

"पस्तीस वर्सं नोकरी केली," काकू म्हणाल्या. "कधी खांब घरी आणला का? तुमीच जायचे ना खांबाकडं?"

काकांनी डायरी पुन्हा खिशात ठेवली.

बुद्धपौर्णिमेला वंदना झाली, खीर झाली. पुण्याहून जीवन आला होता, त्यांचा मुलगा. त्याने फळीवरून थेट राशिभविष्य उचललं आणि पाऊण तास खाली ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून काका सकाळी डबा घेऊन निघायला लागले. जुनीच वेळ, जुनीच लाईन, खांद्यावर झोला. त्यात आता पकड नव्हती, चष्मा होता. मी एकदा स्कूटीवर तिकडून चालले होते. पोल बेचाळीसजवळ बाभळीखाली काका दगडावर बसले होते. हातात निळं पुस्तक. समोर केशरबाई. त्यांचं एक लक्ष शेळ्यांवर आणि दुसरं काका पान कसं उलटतात त्यावर.

"थुका लावू नका," त्या म्हणत होत्या. "अन् चारला परत द्या. चारनंतर माझी पाळी असती."

मी हॉर्न वाजवला. काकांनी हात केला, पण मान वर केली नाही.

मागच्या बाजाराच्या दिवशी मी हॉटेलात वाट बघत होते. नवीन पुस्तक पेपरात गुंडाळून आणलं होतं. काका रिकाम्या हातांनी आले. बसले. पाणी प्यायले.

"काय आणलंत?"

"काही न्हाई." मग थोडं थांबून म्हणाले, "वाचलं."

"काय वाचलं?"

"समुद्राचं. पूर्ण."

चार वर्षांत हा शब्द आमच्या टेबलावर पहिल्यांदाच आला होता. काकांचे डोळे रात्रभर झोप न झालेल्या माणसासारखे लाल होते आणि ते इतके खूश दिसत होते की हॉटेलवाल्याने न मागता चहा आणून ठेवला.

"बोट खरंच बुडते?" मी विचारलं.

"बुडती," ते म्हणाले. "पण त्यानं काय बी बिघडत न्हाई. खरी गोष्ट तिथून पुढंच सुरू व्हती." आणि त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. नियम मोडला होता.

त्यांनी माझं पुडकं उघडलं. तळवा फिरवला, वास घेतला, शेवटच्या पानाचा आकडा बघितला.

"तुझ्या खाटंखाली चाळीस हायत ना? ओट्यावरून मोजलीत."

"एक्केचाळीस. हे धरून."

"दोन दे मला. अर्धलीनं."

"पिल्लं निम्मी," मी म्हणाले.

"निम्मी."

त्यांनी खिशातून डायरी काढली, नवीन पान उघडलं, आणि वर आपल्या स्वतःच्या घराच्या खांबाचा नंबर घातला.