फाटकाच्या खांबातला सुतार

लग्न होऊन मी लोणावळ्याला आले तेव्हा मामंजी रेल्वेतून नुकतेच निवृत्त झाले होते आणि कुसगावच्या वाटेवर, झाडीला लागून, त्यांनी लहानसं घर बांधलं होतं. कुंपणही झालं, पण फाटक लागेना. कामशेतचा सुतार दर बाजाराला भेटे, उद्या येतो म्हणे आणि येत नसे. गाड्यांच्या वेळा सांभाळण्यात आयुष्य गेलेल्या मामंजींना हा माणूस सोसवत नव्हता.

थंडीतल्या एका सकाळी ते न्हाणीघरात असताना बाहेरून टकटक ऐकू आली. आतूनच त्यांनी बिजागरी कुठे बसवायची ते ओरडून सांगितलं, आणि सुताराला चहा द्या म्हणून मला हुकूम सोडला. मी पदर सावरून कप घेऊन गेले. तिथे माणूस नव्हताच. फाटकासाठी रोवलेल्या पांगाऱ्याच्या वाळक्या खांबाला मुठीएवढा काळापांढरा पक्षी चिकटला होता. तुरा मोठा, शेपूट जवळजवळ नाहीच. घडवताना लाकूड कमी पडलं असावं असा. मला बघून तो खांबामागे सरकला आणि जरा वेळाने पुन्हा कामाला लागला.

परत आले तर मामंजी पंचा गुंडाळून दारात उभे. चहा परत का आणला, म्हणून त्यांनी विचारलं. त्यांच्याशी मी तोवर हो-नाहीपलीकडे बोलले नव्हते.

"सुतार आलाय," मी म्हटलं, "पण चहा घेत नाही."

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मामंजी तसेच ओल्या अंगाने बघायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

पुढे त्या भोकात अंडी झाली, आणि नेमका तेव्हाच खरा सुतार हत्यारं घेऊन हजर झाला. मामंजींनी त्याला खांबाला हात लावू दिला नाही. तो भोकाकडे बघत राहिला.

"आबा, मी येईस्तवर दुसरा गडी लावलात व्हय?"

"तो न बोलावता आला," मामंजी म्हणाले.

फाटक नसल्याने शेजारच्या म्हशीने आमचा सगळा कोबी खाल्ला. सासूबाई चिडल्या, तर मामंजींनी कोबी वातूळ असतो असं सांगितलं. पिल्लं उडून गेल्यावरही त्या खांबात त्यांनी खिळा मारू दिला नाही. नवा खांब आतल्या बाजूला रोवून घेतला. त्यामुळे जुना खांब आड येऊन फाटक कधी पुरतं उघडलं नाही, आणि अंगाने भरलेले पाहुणे आमच्याकडे अंग तिरकं करूनच आत येत.