ब्रेकवरचा पाय

गाडी मीटर बघून चालवणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी बियाण्याच्या कंपनीचा माणूस. लातूरहून निघायचं, अहमदपूर, मुखेड, देगलूर करत नांदेडला टेकायचं आणि परत यायचं, ह्यातच अर्धं आयुष्य गेलं. माझ्या पहिल्या जीपचा काटा मेलेला होता. तो कधी दुरुस्त केला नाही, गरजच पडली नाही. इंजिनच्या आवाजावरून गिअर कळतो, खिडकीतल्या वाऱ्यावरून वेग कळतो, आणि रस्ता कसाय ते बुडाला कळतं. ज्याला हे कळत नाही त्यानं खुशाल एसटीनं जावं.

हे मी पोरीला ती लहान असल्यापासून ऐकवत आलोय. ती नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत लातूरला आली ती कपड्यांच्या बॅगेबरोबर एक भलंमोठं खोकं घेऊन. आत गाड्यांच्या रेसच्या गेमचं स्टिअरिंग आणि पायाखाली ठेवायची तीन पेडलं, मैत्रिणीकडून जुनी घेतलेली. तिनं ते स्टिअरिंग तिच्या आईच्या शिलाई मशीनच्या पाटाला आवळलं, पेडलं खाली भिंतीला टेकवली आणि टीव्ही लावला. "अगं, माझं ब्लाऊज अर्धं राहिलंय तिथं!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. कुणी ऐकलं नाही.

पोरगी खेळायची तेव्हा पडद्यावर रस्ता कमी आणि आकडेच जास्त. वेग, गिअर, टायर किती तापले, मागचा किती लांब राहिला. कोणतं पेडल किती दाबलं ते दाखवणारे रंगीत पट्टे वेगळेच. मी मागं उभा राहून बघून राहिलो होतो. शेवटी राहवलं नाही.

"हे गाडी चालवणं हाय का बँकेचं पासबुक बघणं?"

"मग बसा की तुम्ही."

"बसतो. पण हा सगळा कचरा काढ आधी. मला नुसता रस्ता पाहिजे."

तिनं काढला. जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी एक सेटिंग होती, हल्लीच्या खऱ्या गाड्यांत असते तसलीच, ती पण मी बंद करायला लावली. "पप्पा, कशाला हात दाखवून अवलक्षण?" ती म्हणाली. मी म्हणालो, तू बघच.

आणि खरं सांगतो, पहिल्या फेरीतच मला तो खेळ कळला. स्टिअरिंग हाताला ओढ देतं. टायर सुटायला लागले की ते हलकं पडतं, ओल्या काळ्या रानातून जीप काढताना पडतं तसं. गिअर मी कानावर बदलत होतो, एकही चुकला नाही. "वा पप्पा!" पोरगी मागून म्हणाली. मी फुगलो. तेवढ्यात वळण आलं, मी हलका ब्रेक मारला आणि चाकं जाम. टायर किंचाळले, स्टिअरिंग फिरवून उपयोग झाला नाही, गाडी नाकासमोर जाऊन खडीत रुतली.

पुन्हा घेतली, पुन्हा खडीत. तिसऱ्यांदा तर मी ब्रेकला नुसता पाय लावला होता, शपथेवर सांगतो, नुसता लावला होता. तरी तेच. सरळ रस्ता माझा, आवाज माझा, हात माझे, आणि प्रत्येक वळणाला हा भिकार ब्रेक माझी इज्जत काढणार! लई डोकं फिरलं. पेडलच खराब आहे म्हणालो. मग पेडलच्या मागं सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून ते कडक केलं, काही फरक नाही. बूट घालून बसलो, मोजे घालून बसलो, अनवाणी बसलो. बायको म्हणाली, "अहो, आता आंघोळ करून बसून बघा." पेडल गांधी चौकाकडच्या रिपेअरिंगवाल्याकडं नेलं. त्यानं ते उघडलं, साफ केलं आणि काहीही बिघाड नाही म्हणून परत दिलं. मी त्यालाही दोन शब्द ऐकवून आलो.

"पप्पा," पोरगी म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं."

ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवली आहे. आपल्याला कुणी ऐकवली की किती झोंबते ते त्या दिवशी कळलं.

मग तिनं ब्रेकचा तेवढा लाल पट्टा पडद्यावर परत लावला. पेडल जेवढं दाबाल तेवढा पट्टा वर चढतो. "रस्त्याकडं बघा, पट्ट्याकडं नको," ती म्हणाली. "आता अर्धा ब्रेक दाबा." मी दाबला. "झालं?" "झालं की." "बघा." पट्टा पार वरपर्यंत चढलेला. "बरं, आता पाव." मी जपून, अंड्यावर पाय ठेवावा तसा ठेवला. पट्टा वरपर्यंत. "आता पाय काढा."

"काढला."

तिनं पडद्याकडं बोट केलं. मी पट्ट्याकडं बघितलं. तो खाली आला होता, पण पुरता नाही. थोडा लाल शिल्लक होता.

"यंत्र बिघडलंय तुझं," मी म्हणालो. ती माझ्या जागी बसली. अर्धा म्हटलं की अर्धा, पाव म्हटलं की पाव, काढला की पट्टा गायब. मी म्हणालो, तुला सवय आहे. आणि चिडून बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ऊन मी म्हणत होतं, पण आत जायची इच्छा नव्हती.

तिथं उभं राहून नको त्या गोष्टी डोक्यात यायला लागल्या. वर्षभरात गाडीचे ब्रेक पॅड दोनदा संपले होते. मिस्त्री म्हणाला होता, "साहेब, घाटात लई चालवता का?" लातूरला कुठला आलाय घाट? मी त्यालाच झापलं, डुप्लिकेट माल लावतो म्हणून. आणि देगलूरच्या बाजारात एकदा एक दुकानदार मागून पळत आला होता, हातात माझी चप्पल घेऊन. "साहेब, एक पायात हाय, एक इथं राहिली!" सगळे हसले, मी पण हसलो. अंगठा ढिला झाला असेल म्हणून त्याच दिवशी नवी चप्पल घेतली. चप्पल पायातून कधी निसटली ते मला कळलंच नव्हतं, हा विचार तेव्हा मनात आला नाही.

शुगर मला बरीच वर्षं आहे. गोळ्या मी घेतो, म्हणजे आठवण झाली की घेतो. पोरीनं ते लाल पट्ट्याचं आईला सांगितलं आणि दोघींनी मिळून मला डॉक्टरकडं नेलं, बैल बाजाराला नेतात तसं. डॉक्टरनं टेबलावर झोपवलं. त्याच्या हातात नायलॉनचा एक बारीक ताठ धागा होता. "डोळे मिटा. तळपायाला हा लागला की 'हो' म्हणा." मी डोळे मिटून पडलो. पंख्याचा आवाज येत होता, बाहेर कुणीतरी फोनवर भांडत होतं. माणूस किती वेळ पडून राहणार? "डॉक्टर, करा की सुरू," मी म्हणालो.

"उजवा पाय झाला तुमचा," तो म्हणाला.

डावा त्यातल्या त्यात बरा निघाला. डॉक्टर म्हणाला शुगर ताब्यात आणा, पायाची रोज तपासणी करा, आणि गाडी चालवणं बंद करा. मी उठून बसलो. पेरणीच्या तोंडावर! दुकानदारांच्या गाठी घ्यायच्यात, सोयाबीनच्या बॅगा पोचवायच्यात, आणि हा म्हणतो गाडी बंद करा. गाडी बंद म्हणजे मी बंद. घरी बसवून कंपनी मला काय पूजणार आहे? "मी कानावर गाडी चालवतो, डॉक्टर," मी म्हणालो. "मला रस्ता कळतो." त्यानं चिठ्ठीवर गोळ्या लिहिल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

पुढचे काही दिवस घरात नुसती धुसफूस. बायको चावी लपवायची, मी शोधायचो. पोरीकडं लायसन्स आहे, पण तिला मी गाडी कधी दिली नव्हती. कारण ती मीटर बघून चालवते. तिची सुट्टी संपली, नांदेडला सोडायचं होतं. मी म्हणालो, मीच सोडणार. धाग्यावर माझा विश्वास नाही, रस्ता काय म्हणतो ते बघू. बायकोनं देवाला हात जोडले. पोरगी शेजारी बसली.

आणि चाकूर गेलं, शिरूर ताजबंद गेलं, अहमदपूर गेलं, गाडी कशी मख्खन. इंजिन ऐकू येत होतं, बुडाखाली रस्ता कळत होता. एकदोनदा ब्रेक जरा जोरात बसला आणि पोरीनं डॅशबोर्डला हात टेकला, तेवढंच. माळाकोळी ओलांडल्यावर मी तिला म्हणालोसुद्धा, "बघ. काय झालंय मला?" ती खिडकीबाहेर बघत होती.

लोह्यात ट्रॅफिक तुंबलं होतं. थोड्या उतारावर आम्ही थांबलो. पुढं एका स्कूटीवर एक बाई, मागं शाळेच्या वयाची मुलगी बसवलेली, मुलीच्या मांडीवर भाजीची पिशवी. उजवीकडं अगदी चिकटून एसटी उभी. मी आरामात काच खाली घेतली. तेवढ्यात ती एसटी मागं सरकायला लागली.

"अरे ए बाबा!" मी काचेतून बाहेर डोकं काढून ओरडलो. "मागं बघ की! आंधळा हायस का?" हॉर्न वाजवला. एसटीचा ड्रायव्हर वरून माझ्याकडं बघून राहिला, त्याच्या तोंडावर काही कळल्याचं दिसेना. एसटी मागंच चाललेली. मी पुन्हा ओरडणार, तोच गाडीला झटका बसला. पोरीनं हँडब्रेक ओढला होता. समोर त्या मुलीची पाठ एवढी जवळ होती की तिच्या वेणीची रिबीन बॉनेटच्या कडेमागं दिसेनाशी झाली होती. तिनं मागं वळून बघितलं आणि परत पुढं बघायला लागली.

"एसटी उभीच हाय, पप्पा," पोरगी म्हणाली. "आपण चाललो होतो पुढं."

"कसं जाऊ पुढं? ब्रेकवर पाय हाय माझा."

"खाली बघा."

मी खाली बघितलं. पाय ब्रेकच्या शेजारी मॅटवर पडला होता, आडवा, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. मी त्याला उचल म्हणालो, तर उचलला गेला. बघून बघून ब्रेकवर ठेवला. एवढा वेळ तो ब्रेकवर आहे असं मला नुसतं वाटत नव्हतं, मला ते पक्कं माहीत होतं. अजूनही कुणी विचारलं तर मी सांगेन की तो ब्रेकवरच होता.

एसटी पुढं निघून गेली आणि मागून हॉर्नचा कालवा सुरू झाला. "उतरा," ती म्हणाली. मला लई राग आला, लई लाज वाटली, आणि त्या स्कूटीवरच्या मुलीचं काय झालं असतं ते डोळ्यासमोर आलं. मी उतरलो. लोकांच्या शिव्या खात गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला येऊन बसलो. पोरीनं सीट पुढं घेतली, आरसा नीट केला, मीटरकडं एकदा बघितलं आणि गाडी काढली.

शेजारी बसलेला ड्रायव्हर गप्प बसत नाही. दुसऱ्याच्या हातात गाडी असली की तो आपल्या बाजूला, जिथं पेडल नसतं तिथं, प्रत्येक गतिरोधकाला ब्रेक दाबत राहतो. सोनखेडपर्यंत मी पण दाबत असणार. बघितल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता, आणि मी काही बघितलं नाही.