धुरेकऱ्याचा डीपी

माझ्या धुरेकऱ्याने मला फसवलं. सिहोऱ्याच्या बाजारात आजवर एकही दलाल मला गुंडाळू शकला नाही. बैल असो की मेथीची जुडी, मी भांडूनच घेतो. पण माझ्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून ज्याचं शेत, त्या माणसाने मला नुसत्या तोंडाने फसवलं, तेही तोंड न उघडता.

या माणसाचं अख्खं आयुष्य 'डीपी' या दोन अक्षरांत मावतं. आम्हा सगळ्यांच्या मोटारींना वीज देणारी डीपी त्याच्या शेतात उभी आहे. दसऱ्याला तो तिला हार घालतो, लांबून, बांबूच्या टोकाने. तुमसरच्या त्याच्या प्लॉटवरून म्हणे डीपीतला, म्हणजे शहर आराखड्यातला, रस्ता जाणार. रस्ता कोणी पाहिला नाही, पण हा आपल्याच प्लॉटवर डाव्या बाजूने चालतो. धर्मपत्नीसुद्धा डीपीच. "आज डीपी तापली हाय, हात लावू नोका," असं तो पाहुण्यांना सांगतो, आणि वहिनी आतून लाटणं आपटतात.

उरला मोबाइलवरचा डीपी. त्याचं घर शेतातच, आणि लिहायचा कंटाळा. म्हणून लाइन, म्हणजे वीज, आली की तो आपला हसरा फोटो लावतो, गेली की रडका. तोही दर वेळी ताजा काढून. "कालचं हासू आज लावनं म्हंजे बेइमानी हाय, भाऊ!" बाकीच्यांनी मोटारींना लाइन आली की आपोआप सुरू करणारे ऑटो बसवले. फुकटचं तोंड असताना मी विकत कशाला घेऊ?

यंदा उन्हाळी धान ऐन लोंबीवर आला आणि फोटो रडकाच. मी घरी बसून वीजवाल्यांना शिव्या मोजल्या. शेवटी शेतात गेलो, तर डीपी मजेत गुणगुणत होती आणि माझी कडेची धानाची बांधी भेगाळली होती.

"लाइन असून रडून काहून राहिला बे?"

तो मोहाच्या झाडाखाली बसला होता. "तुही वहिनी पुण्याले गेली ना. सुनेच्या बाळंतपणाले."

"मंग?"

"मंग काय? रोज फोन धरतो तोंडासमोर. हासूच येऊन नाही राहिलं."

"जुना लाव ना!"

मी चोरी शिकवत असल्यासारखं त्याने पाहिलं. मग उठला, फावडं घेतलं आणि आपल्या बांधीचं पाणी माझ्याकडे वळवलं. आता अशा माणसाशी भांडायचं कसं? त्याला हसवायला मी वहिनींची नक्कल केली, तर त्याचे डोळेच भरले.

पण माझी बांधी वाळली ती वाळलीच. याचा जवाब मला पाहिजे, आणि तो मी त्याला मागणार नाही. वहिनी, तुम्ही द्या. परत कधी येता?