चालत पोहोचणारं माणूस

जिन्यात कुणी भेटलं की माणसं तब्येत विचारतात. लालबागच्या आमच्या इमारतीतल्या ऑपरेटर मावशी विचारायच्या, "आत्ता शाळेतून बोलावणं आलं, तर तुझ्या घरातून कोण जाणार?" हातात नळाच्या पाण्याची बादली असो की उद्या लेकाची मुंज असो, उत्तर दिल्याशिवाय सुटका नसे. नवीन भाडेकरूंना वाटे, बाई थोड्या चक्रम आहेत. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

फोर्टातल्या एका कंपनीत त्यांनी टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली होती. शहरात काही घडलं की घाबरलेल्या आईबापांचे आवाज आधी त्यांच्या कानावर पडत. "लाइन लागत नाही म्हटल्यावर माणूस कसा रडतो, ते मी ऐकलंय रे," त्या म्हणायच्या. "फोन लागेल हे धरूनच चालायचं नाही. पोराला न्यायला म्हणून शाळेत नाव द्यायचं ते चालत पोहोचणाऱ्या माणसाचं." मी नोकरीला लोअर परळला, बायको वर्षा ठाण्याला. वर्षाने जूनमध्येच आमच्या मुलीच्या, सईच्या शाळेत मावशींचं नाव दिलं, त्यांना नेऊन वर्गाच्या बाईंना भेटवलं. मला ते फारसं रुचलं नव्हतं. घरचं माणूस सोडून शेजारणीचं नाव कशाला? पण मी बोललो नाही. मी बोलतच नाही फारसा.

सईला दमा. तिचा पंप दप्तराच्या कप्प्यात असे. मावशींनी एकदा तिला उभं करून विचारलं, "काय गो, पळायला सांगितलं तर दप्तर घेशील?"

"नाही. बाई म्हणतात, दप्तर तिथेच ठेवायचं."

"मग श्वास पण तिथेच ठेवणार?"

त्याच संध्याकाळी त्यांनी तिच्या गणवेशाला आतून खिसा शिवला. दुसरा पंप बाईंकडे द्यायला लावला.

आमच्याकडची खोड त्यांना पक्की ठाऊक होती. एका पोरासाठी बाप, मामा, आजोबा सगळे धावणार, आणि धावता धावता एकमेकांना फोन करणार. "एकाने जायचं, बाकीच्यांनी आहे तिथे बसायचं," हे त्या दटावून सांगत. शाळा रिकामी करायची वेळ आली तर मुलं मागच्या गल्लीतल्या व्यायामशाळेत नेतात, हे त्यांनी मुख्याध्यापिकांना विचारून ठेवलं होतं. प्रत्येक बापाने सुटीच्या दिवशी फोन बंद करून ऑफिसपासून तिथवर चालत जाऊन यायचं, अशी त्यांची तालीम असे. माझी पाळी आली तेव्हा मी मॉलमध्ये गारव्याला बसून कॉफी प्यायलो आणि परत येऊन सांगितलं, "झालं मावशी, जाऊन आलो." त्यांनी मला आल्याचा चहा दिला. तोही मी प्यायलो.

त्या वर्षी गणपतीआधीच्या एका शनिवारी शाळेच्या मीटररूममधून धूर निघाला आणि कुणीतरी ती बातमी ऑफिसात आणली. रस्त्यावर मूर्तीच्या आगमनाची मिरवणूक, बांबूंनी गल्ल्या बंद, ढोलताशा. वर्षाचा फोन लागेना, शाळेचा तर नाहीच. मी ऑफिसातून धावत सुटलो आणि शाळेच्या पुढच्या फाटकाशी पोहोचलो. फाटक बंद. माझ्यासारखे कितीतरी बाप तिथे कानाला फोन लावून उभे. आत धूर, आणि माझ्या डोळ्यांपुढे फक्त सईची धपापणारी छाती. व्यायामशाळा हे नाव आठवत होतं, वाट ठाऊक नव्हती. मंडपाच्या कार्यकर्त्यांना विचारत, एका गल्लीतून परत फिरत मी शेवटी तिथे पोहोचलो.

सई जाजमावर मावशींना टेकून बसली होती. पंप मुठीत. श्वास शांत.

"बाबा, तू पुढच्या गेटला गेलास ना?" ती म्हणाली. "आजी म्हणालीच होती, तो तिकडेच जाणार."

मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाण्याची बाटली पुढे केली. "बस आधी. आता तुला दमा लागलाय."

पुढे इमारत पुनर्विकासाला गेली. मावशी अँटॉप हिलला भावाकडे निघाल्या. त्यांचे डबे बांधून देताना मी एकदाचं बोललो. "मावशी, त्या दिवशी तालमीला मी गेलोच नव्हतो. खोटं सांगितलं."

"ठाऊक होतं."

"कसं?"

"भर उन्हातून आलेला माणूस आधी पाणी मागतो. तू कॉफीचा वास घेऊन आलास." त्या सुतळीला गाठ मारत राहिल्या. "दुसऱ्या दिवशी मीच सईला घेऊन गेले. तिला वाट पाठ झाली, काम झालं."

"मला बोलला का नाहीत?"

"तू घुमा. रागावले असते तर जिन्यात भेटायचा बंद झाला असतास. मग पोरीचा पंप संपला तर मला कोण सांगणार होतं?"

मी खाली वाकून त्यांना नमस्कार केला. "पुरे रे, टॅक्सी थांबलीय," म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. टॅक्सी वळेपर्यंत सई हात हलवत होती.

आता आम्ही परळच्या एका टॉवरमध्ये भाड्याने राहतो. मजल्यावर सगळी दारं बंद. मावशी अँटॉप हिलला गेल्यानंतर सईच्या शाळेत आमच्या दोघांखेरीज नाव द्यायला कोणी उरलं नव्हतं. शेजारी कुणाला विचारायचं मी आठवडाभर टाळलं. मग काल संध्याकाळी समोरच्या दाराची बेल वाजवली. साठीच्या एका बाईंनी साखळी न काढता, फटीतून विचारलं, "काय हवंय?"

"तुमच्याकडे एक काम होतं," मी म्हणालो. "माझ्या मुलीचं नाव सई. तिला दमा आहे."

त्यांनी साखळी काढली.