पंपातलं भोक

खासबागेतले कॉम्प्युटरवाले अण्णा खोक्यावर छापलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवत नाहीत. ग्राफिक्स कार्ड मागितलं की म्हणतात, "तुझी सगळ्यात जड फाईल आण." मग ती लावून पंख्याजवळ तळहात धरतात. तेवढा वेळ दुकानात कुणी बोलायचं नाही.

मी फौंड्रीसाठी पंपाची ड्रॉइंग करतो. परवा माझ्या फाईलवर त्यांनी दोन कार्डं तपासली. गेमवाल्यांचं झरझर चाललं. ड्रॉइंगसाठीचं रेंगाळलं. मी पहिलंच मागितलं.

"गप रं."

पहिलं पुन्हा लावून त्यांनी पंप सावकाश फिरवला. तिसऱ्या फेरीला आतलं एक बारीक भोक पडद्यावरून गायब झालं. दुसऱ्या कार्डावर ते जागच्या जागी होतं.

आता मला बोलणी बसणार, असं वाटलं. पण ते माझ्याकडं बघतच नव्हते. त्यांनी ड्रॉइंग करणाऱ्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला फोन लावला.

"आप्पा, काल दिलेलं ते गेमचं कार्ड काढा. त्यावर तपासलेलं ड्रॉइंग पुढं पाठवू नका. व्हय, तुमची फाईल न लावताच दिलं मी. माझं चुकलं... काय? पाठवलंसा?"

शटर उघडंच टाकून त्यांनी स्कूटर काढली.

"दुकान बघ रं. धातू ओतायच्या आत त्यांची फौंड्री गाठली पायजे."