युमीचा शेवटचा भाग

अण्णा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी साताऱ्यात शाळेच्या ऑफिसात बसून मुलांच्या वह्या तपासत होते. पलीकडून लताक्का बोलत होती. "सकाळी चहा घेतला, पेपर वाचला आन् बसल्या जागी मान टाकली. त्रास काय झाला न्हाई बघ," म्हणाली. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. वयाच्या बहात्तराव्या वर्षी सांगलीत स्वतःच्या लेकीच्या घरी ते शांतपणे गेले, त्याला आता महिना होऊन गेला. वाईट वाटतंच; पण त्यांची आठवण आली की आधी हसू येतं, कारण या माणसाला लेकीच्या दारात नेऊन उभं केलं ते एका जपानी कार्टूननं.

सहा-सात वर्षं झाली असतील. रहिमतपूरला आमची दोन्ही घरं भिंतीला भिंत लागून. काकू जाऊन बराच काळ लोटलेला. लताक्का अण्णांची एकुलती एक मुलगी. हळदीच्या अडत्याकडे कामाला असलेल्या सांगलीच्या मुलाशी तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, आणि त्या दिवसापासून अण्णांनी तिचं नाव घेणं सोडलं. तिची पत्रं येत. पोस्टमन ती माझ्या हातात देई, मी अण्णांना नेऊन देई, आणि ते पाकीट न फोडता पलटणीतल्या काळ्या ट्रंकेत टाकत. "वाचा की अण्णा," असं मी एकदा म्हटलं, तर "तुझा अभ्यास झाला का?" एवढंच उत्तर मिळालं.

आमच्याकडे टीव्ही नव्हता, म्हणून रविवारी सकाळी मी अण्णांच्या घरी कार्टून बघायला जाई. तेव्हा हिंदीत बोलणारी एक जपानी मालिका लागायची. युमी नावाची मुलगी, तिचा बाप नावाडी. बापाशी भांडून ती शहरात कापडाच्या गिरणीत कामाला जाते, तिथून पत्रं धाडते, आणि बाप एकाचंही उत्तर देत नाही. अण्णा सुरुवातीला पेपर तोंडासमोर धरून बसायचे. "एवढ्या मोठ्या डोळ्यांची माणसं असत्यात व्हय कुठं?" म्हणायचे. दोन-तीन रविवारांत पेपर खाली आला. ते बापाच्या बाजूचे. "बरोबर हाय त्याचं. न सांगता गेली ती." मी अर्थातच युमीच्या बाजूची, त्यामुळे आमचं चांगलं जुंपायचं. मग एका भागात कळलं, की नावाड्याला वाचताच येत नाही. लेकीची पत्रं तो पत्र्याच्या डब्यात जपून ठेवतो, रोज काढून त्यांवरून नुसता हात फिरवतो, पण कुणाला 'वाचून दाखव' म्हणायची त्याला लाज वाटते... अण्णा टीव्ही बंद केल्यावरही तसेच बसून राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "त्याला वाचाय येत न्हवतं गं..." शेजारी मीच होते, पण ते मला सांगत नव्हते.

शेवटचा भाग होता त्या रविवारी अण्णा अंघोळ उरकून, इस्त्रीचा सदरा घालून टीव्हीसमोर बसले. नावाडी शहरात पोचला, गिरणीच्या फाटकाशी उभा राहिला, भोंगा वाजला, बायका बाहेर पडू लागल्या... आणि लाइट गेली. तासाभरानं आली तेव्हा दुसरंच काहीतरी चाललं होतं. लाइट गावभर गेलेली, विचारणार कुणाला? अण्णा दारात गेले, आत आले, पुन्हा दारात गेले. "सांगलीत लाइट असंल," म्हणाले. मग, "लतीनं बघितलं असंल." चार वर्षांत त्यांच्या तोंडून तिचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. पत्ता पाकिटावर होता. तो बघायला ट्रंक उघडली ते अण्णा आतल्या खोलीतून लवकर बाहेर आलेच नाहीत. मी डोकावले तर ट्रंकेशेजारी जमिनीवर बसले होते. सगळी पाकिटं फोडलेली. त्यात दुपारची पॅसेंजर चुकली, पुढच्या गाडीनं आम्ही निघालो.

लताक्कानं दार उघडलं. कडेवर दोन वर्षांची सोनाली. अण्णांनी नात तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. अण्णांनी सदऱ्याची बटणं चाचपली. शेवटी अण्णा कवायतीत हुकूम द्यावा तसे म्हणाले, "ते युमीचं बघितलंस का? आमच्याकडं लाइट गेली. फुडं काय झालं?"

लताक्का गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी घाईघाईनं सांगितलं, "बाप गिरणीच्या फाटकाशी आलाय. युमी अजून बाहेर यायचीय."

तिनं सोनालीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "आली की भाईर. बापाला बघितलं तिनं."

"रागावली?"

"न्हाई. म्हणाली, लय वाळलायसा."

"आन् त्यो?"

"त्याला कुठं बोलाय येतंय? उभा राह्यला नुसता."

"मग?"

"मग तिनं हाताला धरून घरात नेलं," लताक्का म्हणाली, आणि तिनं अण्णांचं मनगट धरलं.

परतीच्या गाडीत अण्णा खिडकीशी बसले होते. कराड मागं पडल्यावर म्हणाले, "घरात टीव्ही न्हाई तिच्या."

खरंच की! माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. "म्हंजे तिनं मनानंच सांगितलं?"

"गप. तसंच झालं असणार त्ये."

पुढच्या रविवारी त्यांनी आपला टीव्ही घोंगडीत गुंडाळला आणि पॅसेंजरमध्ये मांडीवर घेऊन सांगलीला नेला. मग सणाला जाऊ लागले, मग महिना महिना राहू लागले, आणि शेवटची तीन वर्षं तर रहिमतपूरच्या घराला कुलूपच होतं.

परवा मी सांगलीला जाऊन आले. सोनाली आता आठ वर्षांची आहे. दुपारी मला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि म्हणाली, "मावशी, तुला युमी ठावं हाय न्हवं?" तेव्हा कळलं, की शाळेतून आल्यावर रोज या खोलीत अण्णा तिला युमीची गोष्ट सांगत, टीव्हीवर जी कधी लागलीच नाही ती, स्वतः रचलेली, तीन वर्षांत न संपलेली. "आता कुठवर आलीय?" मी विचारलं.

"दोघंबी नाव घिऊन समुद्रात गेल्यात. देवमासा आडवा आलाय. अण्णांनी तिथंच सोडलंय."

"आणि पुढं?"

"फुडं मी सांगते की," ती म्हणाली. कॉटवर मांडी घालून बसली, अण्णांसारखाच आधी घसा खाकरला, आणि मला हातानं जवळ बसायची खूण केली.